वन्संनी दाखवलेल्या जागा

फोन आला तेव्हा मी मासळी बाजारात सौंदाळ्यांच्या ताजेपणावरून हुज्जत घालत होते. पलीकडून ह्यांचा आवाज, "ताई गेली." मी विचारलं, "कुठे?" दोन वर्षं आजार समोर बघत असूनही माझ्या तोंडून हेच निघालं. माझा चेहरा पाहून कोळणीने मासे परत टोपलीत ठेवले आणि म्हणाली, "जावा वयनी, आदी घरी जावा."

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. रत्नागिरीत त्यांनी आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, लग्न केलं नाही, आणि आमच्या शेजारच्या गल्लीत एकट्या राहिल्या. मी नवी नवरी असताना त्यांनी मला बांगड्याचं डोकं चिरून आतला मेंदू दाखवला होता. मी कालवणाच्या तयारीत होते. "एवढाच?" मी विचारलं. "एवढाच. पण तो समुद्रात वाट चुकत नाही. तू काल बाजारातून येताना चुकलीस." तेव्हापासून मी त्यांना थोडी घाबरत आले.

अठ्ठेचाळिशीत माझं काहीतरी बिघडलं. झोप उडाली. पंख्याखाली बसूनही अंगातून वाफा निघायच्या. शब्द हरवायचे, फ्रिजला मी एकदा चारचौघांत "ते थंड कपाट" म्हटलं. मुलाने भाजीला नाक मुरडलं म्हणून भरलं पातेलं अंगणात भिरकावलं, आणि मग स्वतःच जाऊन ते उचलून आणलं. हे सगळं मी आज हसत सांगते. तेव्हा मात्र मनात एकच भीती होती आणि ती कुणालाच ठाऊक नव्हती. माझी आई याच वयात दिवसदिवस रडायला लागली होती. माहेरच्या गावाने ठरवलं, डोक्यावर परिणाम झालाय. तिला मागच्या खोलीत ठेवली ती शेवटपर्यंत. आता माझी पाळी आली, असं मी धरून चालले होते...

सासूबाईंचं निदान वेगळं. "ह्ये साधा नाय. बाहेरचा काय तरी हाय," म्हणत त्यांनी लांज्याजवळच्या आमच्या गावी देवीला कौल लावायचं ठरवलं. देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, मग उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. वन्संही सोबत आल्या. माझी फजिती बघायलाच आल्यात, अशी माझी खात्री. गाऱ्हाणं झालं आणि आम्ही पाकळ्यांकडे बघत बसलो. एकही पडेना. पुन्हा गाऱ्हाणं. पाकळ्या ढिम्म.

"गुरवमामा, जरा जास्तच भिजल्यात त्या," वन्सं हळूच म्हणाल्या.

"बाईनू, कालिजात तुमी शिकवा. हितं मी हाय," गुरव म्हणाला. सासूबाईसुद्धा हसल्या.

देवी काही बोलली नाही. परत निघण्याआधी वन्संनी मला देवळाच्या पायरीवर बसवलं. "पाकळी कुठे चिकटते ते पाहिलंस? दगडावर तिला धरणारी जागा लागते. मेंदूतल्या पेशींवर अशाच जागा असतात. रिसेप्टर म्हणतात त्यांना. मन स्वस्थ ठेवणारं, झोप आणणारं, जे जे रसायन असतं, ते आपापल्या जागी चिकटलं तरच काम करतं. आणि गंमत पुढे आहे. या जागा किती असाव्यात आणि त्यांनी किती घट्ट धरावं, यात बीजकोशातल्या स्त्रीसंप्रेरकाचाही हात असतो. ओटीपोटातून निघतं, रक्तातून डोक्यात पोचतं, पेशीच्या पार गाभ्यात शिरतं आणि सांगतं, इथे वाढवा, तिथे कमी करा. इतकी वर्षं ते भरतीओहोटीसारखं वेळेवर यायचं. आता तुझा समुद्र वेळा विसरलाय. वेड नाही लागलेलं तुला, सुनंदा."

मी त्यांना आईचं सगळं पहिल्यांदाच सांगितलं आणि विचारलं, "मग माझी आई?"

"त्यांना मी पाहिलं नाही. न पाहिलेल्याबद्दल बोलणार नाही. पण त्यांची पाळी कधी थांबली, हे कुणी विचारलं होतं का गो?"

कुणीही विचारलं नव्हतं.

मग डॉक्टरीणबाई झाल्या, औषधं झाली. हळूहळू झोप परतली, शब्दही. एकदा जेवताना हे म्हणाले, "तुमचं बायकांचं काही खरं नाही." वन्संनी सोलकढीची वाटी खाली ठेवली. "दिनू, पुरुषाचं संप्रेरक मेंदूत पोचलं की त्यातलं थोडं तिथेच इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं संप्रेरक होतं. तुझ्याही." हे बराच वेळ भात कालवत राहिले. मग खालच्या आवाजात विचारलं, "थोडं म्हणजे किती?"

पुढे वन्संच्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशननंतर त्यांना जी गोळी सुरू झाली, ती इस्ट्रोजेनच्या जागा अडवून बसणारी. "पाहुणा उंबऱ्यावर बसलाय, दुसऱ्या कुणाला आत येऊ देत नाही," असं त्या म्हणायच्या. आता वाफा त्यांच्या अंगातून निघायला लागल्या. संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत फिरताना एकदा थांबून म्हणाल्या, "सुनंदा, ते गो... तिरकं पळतं ते..."

"खेकडा, वन्सं."

ज्या बाईला खेकड्यांची लॅटिन नावं पाठ, तिच्या तोंडून खेकडाच गेला होता. मला रडू आवरेना. त्या मात्र पायाशी पळणाऱ्या त्या जिवाकडे थक्क होऊन बघत होत्या. "गोळीने की वयाने, ठाऊक नाही. पण बघ तरी. एवढीशी गोळी, कुठे जाऊन बसते, आणि इथे खेकडा पुसला जातो... किती नाजूक आहे हे सगळं. आणि तरी आयुष्यभर चालतं."

"मग चिडते ती मी, की ते संप्रेरक?" माझा हा जुना प्रश्न होता.

"नाही सांगता येत. पण पातेलं उचलून आणायला गेलीस, ती तूच ना?"

शेवटच्या भेटीत आवाज अगदी बारीक झाला होता. तरी शिकवणं सुटलं नव्हतं. "संप्रेरक आटलं तरी त्याच्या जागा लगेच मिटत नाहीत. उलट वाढलेल्याही दिसतात म्हणे. थोडं जरी आलं तरी धरता यावं म्हणून असेल..." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. मी त्यांच्या कपाळाकडे बघत राहिले. एवढ्याशा त्या हाडामागे हे सगळं चालू होतं.

गेल्या आठवड्यात मी माहेरी भावाला फोन केला. इतक्या वर्षांत आम्ही आईचं नावही घेत नव्हतो. त्याला सगळं सांगितलं; पाळीचं सांगताना भावाशी बोलतेय म्हणून अडखळले, पण सांगितलं. फोन कट झाला की काय म्हणून मी दोनदा हॅलो म्हटलं.

मग तो म्हणाला, "शाळेतून आलो की ती मागच्या खिडकीतून मला फणसाचे गरे द्यायची. एकेक आठळी काढून. घशात अडकेल म्हणून." आणि म्हणाला, "ती वेडी नव्हती गो, ताई."

फोन ठेवला, चपला घातल्या आणि हे सांगायला तडक वन्संकडे निघाले. फाटकाची कडी काढली, दाराला कुलूप दिसलं, तेव्हा आठवलं. परत फिरावं असं वाटलं, पण पाय निघेना. मग तिथेच पायरीवर बसले आणि गऱ्यांचं, आठळ्यांचं, सगळं त्यांना सांगितलं.