बाचं वाढलेलं वजन

माझा बा जाऊन बरीच वर्षं झाली, तरी कुणी ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली असं कानावर आलं की ओळख नसली तरी मी मध्ये बोलतो.

ती दुष्काळाची वर्षं. चितेगावकडच्या चराईच्या रानात प्लॉट पडले होते, उरलेल्या रानात पाणी नव्हतं. बा आजारी पडला तेव्हा मेंढरं चुलत्याच्या हवाली केली आणि त्याला न् मायला मी शहराजवळ बजाजनगरच्या माझ्या दोन खोल्यांत आणलं.

मोठ्या आतड्यातली गाठ काढून झाली होती, पण कॅन्सर लिव्हरपर्यंत गेला होता. केमोने तिथल्या गाठी आकसल्या. सर्जनबाईंनी मला नीट समजावलं. गाठी आता एकाच बाजूला उरल्यात, तेवढा भाग कापून काढता येईल. औषधाचा शीण उतरायला थोडे आठवडे द्यायचे आणि मग थांबायचं नाही. घाई केली तर उरलेलं लिव्हर साथ देणार नाही, उशीर केला तर गाठी पुन्हा पसरतील.

बाने त्यातलं सोयीचं तेवढं ऐकलं. जन्म मेंढरांमागे गेलेला. खंगलेल्या मेंढराची लोकर कातरली की ते गारठून मरतं, हे त्याच्या हाडात मुरलेलं. तारीख जवळ आली तसा म्हणाला, "आशक्त मेंढराला कातर लावत नाय. जरा अंग धरू दे, मग कापा म्हणावं."

मी भडकलो. लिव्हर म्हणजे लोकर नव्हे, असंही म्हणून बसलो. पण माय त्याच्या बाजूने, दोघांपुढे माझी डाळ शिजेना. सर्जनबाईंनी मला झापलं, मी घरी येऊन या दोघांना झापलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. तारीख पुढे गेली.

मग त्याला खाऊ घालणं सुरू झालं. माय टँकरच्या रांगेत भांडून हंडे आणायची आणि आधी त्याच्यासाठी पायाचा रस्सा चढवायची. अंडी, शेंगदाणे, बाजरीची पेज. अधूनमधून किराणा दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर त्याला उभं करायची. वजन वाढत होतं. धोतर कमरेला पुरेना झालं तेव्हा ती गल्लीभर सांगत सुटली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

नव्या तारखेला सर्जनबाईंनी त्याच्या पोटावर बोटांनी ठोकून पाहिलं आणि लगेच सोनोग्राफीला पाठवलं. तिथे कळलं, पोटात पाणी झालं होतं. वाढलं होतं ते पाण्याचं वजन. गाठी लिव्हरभर पसरल्या होत्या. आता ऑपरेशन होणार नाही, असं त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं.

माय चहा आणायला गेली होती. मी खाटेजवळ जाऊन उभा राहिलो. बाने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला कळलं.

"मेंढरू पोट बघून इकत घेत नसत्यात," तो म्हणाला. "कण्यावर हात फिरवून बघत्यात. पोट वाढलं तरी माझं हाड हाताला लागत व्हतं. तुझी माय लई खुश व्हती, म्हून बोललो नाय."

हाड कधीपासून लागत होतं, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पहिल्यांदा लागलं तेव्हाच बोलला असता तर? मी विचारलं नाही. त्या प्रश्नाने मला अजून सोडलेलं नाही.

तेवढ्यात माय आली. तिने बशीत चहा ओतून त्याच्या हातात दिला आणि मला हळूच म्हणाली, "बाईला म्हणावं, वजन अजून कमी पडत आसंल तर सांगा. मी घालीन खाऊ."