डान म्हणजे डावं नव्हे

वडिलांच्या बँकेने आम्हाला पुण्याहून कलकत्त्याला पाठवून जेमतेम सहा महिने झाले होते, आणि माझं बंगाली अजून भाजी घेण्यापुरतंच होतं. तरी कॉलेजांच्या स्पर्धेसाठी फिजिक्सच्या वर्गातल्या एका बंगाली मैत्रिणीने मलाच जोडीला घेतलं. टॉर्चच्या उजेडामागे धावणारी गाडी करायची होती. तिच्यासाठी लागणारे दोन ट्रान्झिस्टर मैत्रिणीच्या दादाने कुठून तरी मिळवून दिले होते. तसे आणखी मिळणार नव्हते.

मी जात्याच भित्री. त्या दोन ट्रान्झिस्टरांनी मला खाणंपिणं सुचू दिलं नाही. सर्किट साबणाच्या डबीत बसवलं, खाली जुन्या स्लिपरचं रबर घातलं. स्पर्धेत गाड्या एकमेकींना धडकतील म्हणून बाहेरून सायकलच्या ट्यूबचा पट्टा. बेहालाहून एस्प्लनेडपर्यंत ट्राममध्ये डबी मांडीवर धरून बसले, जीव मुठीत धरून. डबीला माझ्यापासून वाचवायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आमचा नंबर आला. मैत्रीण टॉर्च घेऊन टेबलाच्या पलीकडच्या टोकाला गेली. बॅटरी जोडायचं काम माझं, आणि ऐनवेळी मी सगळं विसरले. लाल तार कुठल्या स्क्रूला, म्हणून विचारलं.

"लाल तारटा डान दिके," ती म्हणाली.

डान म्हणजे उजवं, हे एरवी मला ठाऊक होतं. पण पाचावर धारण बसली की माणूस घरच्याच भाषेत ऐकतो. मी तार डावीकडे जोडली.

गाडी हलली नाही. झाकण उचलून ट्रान्झिस्टरला बोट लावलं तर चटका बसला. मी तारा ओढून काढल्या आणि मैत्रीण पोचायच्या आत अदलाबदल करून बरोबर जोडल्या. स्पर्धेचं मला काही वाटलं नाही. ती मला सोडून जाईल याची भीती वाटली. त्या शहरात माझं असं दुसरं कुणी नव्हतं. गाडी ढिम्म.

तिने वाकून पाहिलं, ट्रान्झिस्टरला हात लावला. "माझंच चुकलं," ती हिंदीत म्हणाली. "सोल्डर करताना मीच जास्त तापवले असणार. दादा म्हणालाच होता, हे तुझं काम नाही."

मी डबीचं झाकण लावून टाकलं.

पुढची दोन वर्षं आम्ही एकाच बाकावर बसलो. प्रॅक्टिकलला सोल्डरिंग आलं की ती सगळं माझ्याकडे सरकवायची. "तुझा हात चांगला आहे," म्हणायची, आणि मी ते घ्यायचे.