एका घराचं पाकीट

आईने आयुष्यात स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली, आणि ती मिळवून देताना तिनेच माझ्या नाकी नऊ आणले.

तिचं माहेर कोकणात, समुद्राकाठच्या एका लहानशा शहरात. तिथे बंदरावर उभं राहिलं की समोर पाण्यात किल्ला. पोरवयात विहिरीवर पाणी भरताना ती रोज तो किल्ला बघायची, पण होडीत बसून तिकडे कधी गेली नाही. होडीतून किल्ला बघायला जायचं ते मुंबईच्या पाहुण्यांनी, अशी घरातली समजूत. मग लग्न होऊन ती करी रोडच्या चाळीत आली आणि स्वतःच मुंबईकर झाली, तरी किल्ला राहिलाच. आम्ही चाकरमानी गावी जाणार गणपतीला नाहीतर शिमग्याला, आणि तेही बाबांच्या गावी. गणपतीत समुद्र खवळलेला, होड्या बंद. शिमग्यात देवाची पालखी घरोघर फिरते. ती आपल्या दारात कधी येईल याचा नेम नाही, आणि येईपर्यंत घरच्या सुनेने उंबरा सोडायचा नाही. असं करत करत चाळीचा टॉवर झाला, बाबा गेले, आईचे गुडघेही गेले. परळच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्याच्याआधी एकदा किल्ल्यार जावन येवया गो. मगे पाय कसे रवतत कोणाक म्हायत."

मी लगेच रजा टाकली. ना गणपती, ना शिमगा, चांगले थंडीचे दिवस बघून तीन दिवसांचा बेत आखला. पहिल्या दिवशी किल्ला, मग दीपगृह, मग किनारा, सगळं फोनवर बघून ठेवलं होतं. दादरला गाडीची वाट बघत असताना माझं लक्ष तिच्या दोन फुगलेल्या पिशव्यांकडे गेलं.

"यात काय भरलंयस?"

"चिवडो."

लालबागला जाऊन तिने अख्खं दुकान उचलून आणलं होतं. गावात पाय ठेवायचा तर प्रत्येक घरी मुंबईचा खाऊ पोचलाच पाहिजे, नाहीतर लोक नावं ठेवतात. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, ठीक आहे, पाकीट हातात द्यायचं आणि निघायचं.

निघायचं कसलं! पहिला दिवस चहात बुडाला. एका घरी चहा, दुसऱ्या घरी चहा आणि लाडू, तिसऱ्या घरी "जेवल्याबिगर कशी जातस?" आई नको नको म्हणत पाटावर बसायची आणि गुडघ्यांमुळे उठताना दोघींनी धरावं लागायचं. प्रत्येक अंगणातून मला किल्ला दिसत होता आणि शेवटची होडी गेलेलीही दिसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बंदराकडे निघालो, तर वाटेत कोणीतरी सांगितलं, बाबांच्या गावची आईची चुलत जाऊ रुसली आहे, 'मुंबईहून आली आणि आमच्याकडे नाही' म्हणून. झालं. एसटीने बाबांचं गाव, तिथे सगळी वाडी, सगळ्यांची पाकिटं. संध्याकाळी लॉजच्या खोलीवर परतल्यावर मी अक्षरशः ओरडले. "तुला किल्ला बघायचाय की चिवडा वाटायचाय?" ती शांतपणे गुडघ्यांना तेल चोळत बसली. त्या शांतपणाने माझं डोकं आणखी फिरलं.

शेवटच्या दिवशी दुपारची परतीची गाडी. सकाळी मी रिकाम्या पिशव्या बॅगेत कोंबल्या आणि तिला जवळजवळ ओढतच बाहेर काढलं. तेवढ्यात तिच्या पर्समधून एक पाकीट डोकावताना दिसलं.

"हे कोणाचं आता?"

"आसा एका घराचा."

"आई, आज कुणाच्याही घरी जायचं नाही. कळलं?"

तिने पाकीट आत ढकलून पर्सची चेन लावली.

बंदरावर ही गर्दी. गुडघ्यांना पट्टे बांधलेल्या माझ्या आईला एकाने विचारलं, "आजी, स्कूबा करणार?" त्याला मी असं काही बघितलं की तो दुसरीकडे वळला. होडीवाल्याने तिला हात धरून आत घेतलं आणि बजावलं, तासाभरात परत यायचं, शिट्टी वाजली की होडी सुटणार.

किल्ल्यात मी तिला देऊळ दाखवलं, गोड्या पाण्याची विहीर दाखवली. तिने देवाला हात जोडले, विहिरीकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि तटाच्या पायऱ्या तिरकी होऊन चढायला लागली.

"अगं, पडशील! आणि वेळ नाहीये."

ऐकेल तर शपथ. शेवटी मी मागून आधार देत राहिले. वर पोचल्यावर लोक समुद्राकडे तोंड करून फोटो काढत होते. आई त्यांच्याकडे पाठ करून शहराकडे बघत उभी राहिली.

"हयसून आमचा घर दिसता काय गो?"

तीन दिवसांचा राग माझ्या तोंडून बाहेर पडला. "कुठलं घर? मामाने विकून किती वर्षं झाली! ते बघ, सगळे लॉज आहेत तिथे."

"ता माका म्हायत आसा," ती शहराकडचं बोट तटाकडे आणत म्हणाली. "थयसून हय खूप बघून झाला. म्हटला, एकदा हयसून थय बघूचा."

खाली शिट्टी वाजली. आई हळूच तटावर टेकली, पर्समधलं पाकीट काढून दाताने फोडलं, आणि शहराकडे बघत चिवड्याची पहिली मूठ माझ्या हातावर ठेवली. मग स्वतः खायला लागली.

ते घर कुठलं, हे मला तेव्हा कळलं.

पुन्हा शिट्टी वाजली. होडीतली माणसं हात करून बोलवत होती, कुणीतरी वैतागून ओरडतही होतं. गाडी चुकणार हे मला दिसत होतं. मी तटावरून वाकून होडीवाल्याला हाक मारली, "दादा, तुम्ही निघा. आम्ही घरी आलोय जरा, पुढच्या होडीने येऊ."