चौबळ मॅडम आणि चार देशांची वीज

चौबळ मॅडमचा दिवस चोवीस तासांचा नव्हता, शहाण्णव तुकड्यांचा होता. राज्याच्या वीज नियंत्रण केंद्रात सगळी नोकरी काढलेली बाई. तिथे विजेचं गणित पाव-पाव तासाने मांडतात, ती सवय त्यांच्याबरोबर घरी आली होती. "सातच्या सुमारास या" असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. "सव्वासात ते साडेसात," म्हणायच्या, आणि साडेसातला उठून दार उघडायच्या. त्यांच्या डोंबिवलीच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझा अर्धा चहा कपातच राहिला. जिना उतरताना मी ठरवलं, या बाईचं तोंड पुन्हा पाहायचं नाही.

मी बर्फवाला. पाटणकडून कल्याणला आलो तेव्हा हातगाडीवरून मासळी बाजारात लाद्या ओढायचो. आज शीळफाट्याच्या रस्त्याला माझा स्वतःचा बर्फाचा कारखाना आहे, शेजारी शीतगृह आहे. बापाने काही ठेवलेलं नव्हतं, शिक्षण नव्हतं. होता तो भावतोल. दहा हवे असतील तर अठरा मागायचे. समोरचा कापत कापत दहावर आणतो आणि दोघंही जिंकल्यासारखे घरी जातात. कल्याणच्या घाऊक बाजाराने मला एवढंच शिकवलं, आणि एवढ्यावर मी कारखाना उभा केला.

मॅडमकडे गेलो होतो तो विजेसाठी. बर्फाच्या धंद्यात पाणी स्वस्त, लाद्या गोठवायचं मिठाचं पाणी स्वस्त, खाते ती वीज. मोठ्या ग्राहकाला आता वीज नेहमीच्या कंपनीखेरीज बाजारातूनही घेता येते. आदल्या दिवशी, हवं तर आठवड्याचं एकदम, कळवायचं, उद्याच्या प्रत्येक पाव तासाला मला इतकी वीज लागेल. कुणीतरी म्हणालं, चौबळ मॅडम निवृत्त झाल्यात, त्या फुकट समजावून सांगतात. फुकट म्हटल्यावर मी गेलो.

"उद्या जेवढी लागेल तेवढीच मागा, शिर्के," त्या म्हणाल्या.

"आणि ते कापणार किती?"

"कोण कापणार?"

"जो कुणी समोर बसलाय तो."

"समोर कुणी बसलेलं नसतं. तुम्ही मागता, त्या भावाला मिळत असेल तर मिळते. संपलं."

मी मनात हसलो. 'एकच भाव' अशी पाटी लावणारे दुकानदार मी खूप पाहिलेत. दुसऱ्या दिवशी लागायची होती त्याच्या जवळजवळ दुप्पट वीज मागितली.

सगळी मिळाली.

आता घेतलेली वीज वापरायला हवी. मी इरेला पेटलो. पैसे जाणारच आहेत तर बर्फ तरी होऊ दे म्हणून चारही कॉम्प्रेसर लावले, सगळ्या टाक्या भरल्या. आठवडाभराची मागणी एकदम नोंदवली होती, त्यामुळे आठवडाभर हेच. आणि महिना कुठला, तर श्रावण. अर्धं ठाणे-कल्याण मासळी सोडून बसलेलं. शीतगृह भरलं, अंगण भरलं, शेवटी फाटकाबाहेर लाद्या रचून ठेवल्या. उन्हात वितळून रस्त्याला ओहोळ लागला. रिक्षावाले थांबून तोंडं धुवायला लागले. पलीकडच्या गावातली बायजाबाई, जी एरवी मासळीसाठी माझ्याकडून लाद्या न्यायची, ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय रं शेट, श्रावनान बरफ कोनाला इकतंस? देवाला थंडी वाजंल ना!"

तो विनोद शीळफाट्यापासून डोंबिवलीपर्यंत गेला. मी मॅडमना फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. तुमचा बाजार चोर आहे, तुम्ही मला नीट सांगितलं नाही, निवृत्त माणसांनी देवळात जावं. त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. मी दमल्यावर म्हणाल्या, "झालं? दोन तुकडे बोललात. आता रिक्षा करून येते."

आल्या. फाटकाबाहेरचा ओहोळ पाहिला, साडी किंचित वर धरून तो ओलांडला आणि मीटरसमोर प्लास्टिकची खुर्ची ओढून बसल्या. हसल्या असत्या तर मी त्यांना हाकलून दिलं असतं. तीन दिवस त्या रोज येत होत्या. वहीत लिहीत होत्या, कुठला कॉम्प्रेसर कधी किती ओढतो, लादी धरायला किती वेळ लागतो, माझी माणसं कधी जेवतात. चौथ्या दिवशी कागद हातात दिला. "हे तुमचं खरं. आता एवढंच मागत जा."

"पण मॅडम, खरं सांगणाऱ्याला बाजार खातो."

"भाजीबाजार खातो. विजेचं तसं नाही. वीज बनली त्या क्षणी कुणाला तरी ती वापरावी लागते, पोत्यात भरून ठेवता येत नाही. म्हणून इथे अंदाज चुकला तर चालतो. अंदाज फुगवला तर त्याचा बर्फ होतो."

त्या कागदावर मी आजही धंदा करतो. त्याबद्दल त्यांनी काय घेतलं? जाताना अर्धी लादी मागितली, घरी नातवंडांच्या सरबताला. तेवढीच घेतली, अख्खी देत होतो, नको म्हणाल्या.

मॅडमचे वडील ठाकुर्लीच्या जुन्या वीजघरात कामाला होते, ते बंद पडून जमाना झाला. मॅडम सांगायच्या, लहानपणी वडील पाळीवरून आले की आई विचारायची, आज सगळ्यांना पुरली का? जेवण नव्हे, वीज. मला वाटतं मॅडमही जन्मभर तेवढंच विचारत राहिल्या, फक्त 'सगळे' वाढत गेले. निवृत्तीनंतर त्यांनी शेजारच्या चार देशांमध्ये वीज देण्या-घेण्याचा एक सामाईक बाजार उभा करायचं काम अंगावर घेतलं होतं. देशांची नावं कुठे छापू नका असं त्यांनी मला बजावलं होतं, म्हणून लिहीत नाही. त्यातला एक देश डोंगराळ. पावसाळ्यात त्याच्या धरणांवरून पाणी नुसतं ओसंडून जातं, त्यातून होऊ शकणारी वीज कुणी घेत नाही. दुसरा सपाट, त्याच महिन्यांत तिथे गावंच्या गावं अंधारात. मधली तार आहे. कमी होतं ते एवढंच, की प्रत्येकाने आदल्या दिवशी खरा आकडा सांगायचा: माझ्याकडे इतकी जास्त आहे, मला इतकी कमी आहे. यासाठी मॅडम नऊ वर्षं या देशातून त्या देशात फिरत होत्या. गुडघे गेले, फिरणं गेलं नाही.

एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. "शिर्के, उद्या साडेदहाला सात पाहुणे घेऊन येते. चारही देशांचे अधिकारी. तुम्ही त्यांना श्रावणातली गोष्ट सांगायची."

माझं डोकं सटकलं. "माझी अब्रू काय रस्त्यावर पडलीय? परदेशी साहेबांसमोर मी गाढव कसा ठरलो ते सांगू?"

"हो."

"दुसरं कुणी बघा."

"तुमच्याइतका अट्टल भावतोल करणारा दुसरा माणूस मला माहीत नाही. मी सांगितलं तर पुस्तकी वाटतं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. ठाण्याच्या एका हॉटेलात त्यांची तीन दिवसांची बैठक चालू होती. कागदावर सराव होता, रोज चौघांनी आकडे लिहायचे आणि ते जुळवायचे. दोन दिवस जुळले नव्हते. डोंगरवाल्यांना वाटे, जास्त वीज आहे असं कबूल केलं तर भाव पाडतील, म्हणून ते थोडीच दाखवत. सपाटवाल्यांना वाटे, मागतो त्याच्या निम्मंच हाती येणार, म्हणून ते दुप्पट लिहीत. उद्या तिसरा दिवस. उद्याही जुळले नाहीत तर वरिष्ठ सगळं गुंडाळणार होते.

माझ्यातला बाजार जागा झाला. "सांगतो. पण अहवालात माझं नाव पाहिजे. कारखान्याचंही."

"नाव येणार नाही."

"मग नुसतं कारखान्याचं."

"नाही."

"आभारात तरी?"

"शिर्के, चुकीबरोबर तुमचं नाव मी कुठेही जाऊ देणार नाही."

मला इतका राग आला की फोन ठेवणार होतो. ठेवला नाही. का कुणास ठाऊक, विचारलं, "मॅडम, खरं सांगा, तुम्हाला हे किती लागतंय?"

"खूप," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ती एकच गोष्ट.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला गाडी फाटकात. सात साहेब, सगळे टापटीप, बर्फाच्या टाकीशेजारी कुडकुडत उभे. मी माझ्या हिंदीत सांगायला लागलो, मॅडम इंग्रजी करत होत्या. डोंगराळ देशाचे म्हातारे साहेब हिंदी समजत होते, ते आधीच मान हलवायचे. दुप्पट मागितली, सगळी मिळाली, चार कॉम्प्रेसर, श्रावण, ओहोळ, बायजाबाई. देवाला थंडी वाजेल इथपर्यंत आलो आणि सपाट देशाचे चष्मेवाले साहेब मोठ्याने हसले. त्यांचं बघून बाकीचेही.

मी गप्प बसणारा नव्हे. "हसता काय?" मी ओरडलो. "मैं तो अनपढ बर्फवाला हूँ! आप लोग कोट पहन के दो दिन से वही कर रहे हो! मेरा तो बर्फ बह गया, आपके यहाँ तो बत्ती नहीं है और इनके यहाँ पानी बह रहा है! शरम किसको आनी चाहिए?"

मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. मला वाटलं, गेलं सगळं, नऊ वर्षं मी एका मिनिटात बुडवली. आता ही बाई काहीतरी गोड करून सांगेल आणि सारवासारव करेल. त्यांनी पदर नीट केला, आणि माझं प्रत्येक वाक्य, शरमेसकट, शांतपणे इंग्रजीत केलं. एक शब्द गाळला नाही.

चष्मेवाले साहेब लालबुंद. डोंगरी म्हातारे मात्र त्यांच्याजवळ गेले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाई, सच बोल. कितना चाहिए?"

एवढी हिंदी चष्मेवाल्या साहेबांनाही कळली. त्यांनी कागद मागितला. माझ्या ऑफिसात डिलिव्हरीच्या चलनांचं पुस्तक पडलं होतं. त्यातलंच एक फाडून त्याच्या मागे त्यांनी आकडा लिहिला. आदल्या दिवशीच्या आकड्याच्या निम्म्याहून थोडा जास्त. म्हाताऱ्यांनी तो पाहिला, पेन घेतलं आणि खाली आपला लिहिला. आदल्या दिवशीच्या तिप्पट. उरलेल्या दोघांना आता लपवून बसायची लाज वाटली असावी. दुपारच्या जेवणाआधी माझ्या टेबलावर चारही देशांचे कागद जुळले.

मॅडम टेबलाला धरून उभ्या होत्या. मी खुर्ची पुढे केली तर म्हणाल्या, "थांबा, आणखी एकदा बेरीज करते."

अहवाल आला. त्यात एक ओळ होती: 'डोंबिवलीनजीकच्या एका ग्राहकाचा अनुभव उपयुक्त ठरला.' एका ग्राहकाचा! हा राग माझ्या मनात अजून आहे, खोटं कशाला बोलू. बाईने दिलेला शब्द असा तंतोतंत पाळायची काय गरज होती?

पण हे लिहायला बसलो तो त्या रागापायी नाही. मॅडम गेल्या त्याला वर्ष उलटून गेलं. एका पेपरात तीन ओळी आल्या: निवृत्त अधिकारी, पश्चात मुलगी, नातवंडं. चार देशांचं नाव नाही, विजेचं नाव नाही. त्या तीन ओळी वाचल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. एवढी मोठी बाई आपल्या डोंबिवलीत राहत होती आणि लोकांना ठाऊक नाही, हे मला सहन होत नाही. माझ्या कारखान्यातल्या टेबलावर तो बाजार जुळला, हे मी आल्यागेल्याला सांगतो. लोकांना वाटतं शेठ फेकतोय. वाटू दे.

खरी वीज सुरू झाली त्या दिवसाचं सांगून संपवतो. सीमेवर मोठा समारंभ होता, मंत्री वगैरे. मला निमंत्रण नव्हतं. मी तणतणत मॅडमच्या घरी गेलो, म्हटलं, त्या समारंभाला गेल्या असतील, दार बंद असेल, निदान कुलपाशी तरी भांडू. दार उघडं. मॅडम घरच्या साडीत, समोर लॅपटॉप, मांडीवर ताटात मटारच्या शेंगा.

"तुम्ही इथे? समारंभ?"

"बोलावलं नाही," त्या शेंग सोलत म्हणाल्या.

"तुम्हाला नाही बोलावलं? तुम्हाला?" मी असा ओरडलो की शेजारीण डोकावली. "फोन द्या. कोण आहे तो? त्याची—"

"शिर्के, ओरडू नका, आकडे बघू द्या. बसा. शेंगा घ्या."

मी बसलो. लॅपटॉपवर आडव्या-उभ्या रेघा आणि अंक, मला काही कळत नव्हतं. एवढ्यात त्यांचा फोन वाजला. डोंगरी म्हातारे. मागे बँड वाजत होता, ते मांडवामागे जाऊन बोलत असावेत.

"दीदी, देख रही हो?"

"देख रही हूँ," मॅडम म्हणाल्या.

"और वो बर्फवाले भाई? उनको बताया?"

मॅडमनी फोन माझ्या हातात दिला. आता इतक्या मोठ्या माणसाशी काय बोलायचं असतं? मला धंद्यातलं एकच येतं, तेच विचारलं.

"साहब, कितना भेजा?"

"जितना लिखा था," म्हातारे म्हणाले, "उतना ही."

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी पडद्यावरच्या एका अंकावर बोट ठेवलं आणि मान हलवली. जन्मात पहिल्यांदा, समोरच्याने सांगितलेला आकडा ऐकून माझ्या तोंडून 'जरा बघा ना' निघालं नाही.

"बराबर है, साहब," मी म्हणालो.