‘कुटुंब पूर्ण’खालची दुसरी सही

आमच्या ऑफिसात किस्से जमवावे लागत नाहीत. कपाट उघडलं की एखादा अंगावर पडतोच! कामच तसं आहे. जहाजांतून येऊन न्यूझीलंडमध्ये वसलेल्या गोऱ्या बायकांच्या घरी पोरांची रांग असायची, मग त्यांच्या नातींच्या घरी दोन-तीनवरच कसं आलं, हे जुन्या नोंदींतून शोधायचं. वेलिंग्टनमध्ये बसून लोकांची पोरं मोजणारे आम्ही तिघं. मी, नाशिकचा निखिल आणि सत्तरीची मार्गारेट. प्रत्येक बाईचा एक कागद. त्यावर लग्न, मुलं, तारखा आणि तळाशी एक चौकोन, ‘कुटुंब पूर्ण’. बाईची बाळंतपणं थांबली की त्यात टिक.

*

निखिल नवीन होता तेव्हाची गोष्ट. एका शेतकऱ्याच्या डायरीवरून त्याने रोझीचा कागद भरला. दरवर्षी एक बाळंतपण, ओळीने नऊ! नवऱ्याचं नाव काही सापडेना. “बिचारीनं एकटीनं निभावलं असेल गं,” तो म्हणाला. मीही हळहळले आणि टिक करून मोकळी झाले.

मार्गारेटने डायरीचं पुढचं पान उलटलं. तिथे लिहिलं होतं, “रोझी आटली. शेजाऱ्याला देऊन टाकली.”

गाय!

त्या दिवसापासून नियमच झाला. टिक एकाने करायची आणि दुसऱ्याने तपासून खाली सही करायची. सही नसेल तर टिक धरायची नाही.

*

बायका का थांबल्या, यावर निखिलकडे इथल्या भाषेत ‘हीप्स ऑफ’, म्हणजे ढीगभर थिअऱ्या. लग्नं उशिरा झाली, शाळा आल्या, गावं वाढली. एकदा अर्धा तास बोलला. मार्गारेट शांतपणे चहा पीत होती.

“माझ्या पणजीला बारा, आजीला पाच, आईला दोन,” ती म्हणाली. “तू एकदा वेलिंग्टनच्या वाऱ्यात बारा पोरांचे लंगोट वाळत घालून बघ. मग बोलू!”

*

आता माझं. मला एकच मुलगी, सात वर्षांची इरा. दुसरं नको, हे आम्हा नवरा-बायकोचं कधीच ठरलंय. पण साताऱ्याला सासूबाईंना सांगायची माझी छाती होईना. दर रविवारी फोनवर त्यांचं, “दुसऱ्याचं काय?” आणि माझं, “बघू.” सहा वर्षं नुसतं बघूच चाललेलं! मला रविवार नकोसा झाला होता.

एकदा इरानेच फोन घेतला. “आजी, मम्मा हॅज हीप्स ऑफ बेबीज अॅट वर्क!”

पलीकडून हळूच, “मृणालला दे जरा.”

*

गंमत म्हणजे सासूबाई स्वतः रिटायर्ड नर्स. जन्मभर गावोगाव फिरून बायकांना पाळणा लांबवायला शिकवलं. मागच्या महिन्यात त्या इथे आल्या आणि पहिल्याच आठवड्यात ऑफिस बघायला हजर. मी धसकलेच. मार्गारेटला “किया ओरा” असा इथला माओरी नमस्कार करून झाल्यावर त्यांनी तिला आपल्या नोकरीतली युक्ती सांगितली. मी भाषांतर करत होते.

“घरात शिरलं की आधी सासूला बाहेर काढायचं. मगच सुनेला विचारायचं. सासूसमोर कुठली सून खरं बोलते?”

मार्गारेट पोट धरून हसली. मला काही हसू आलं नाही.

*

मग मार्गारेटने आपल्या पणजीचा कागद काढला आणि मी टिक-सहीचा नियम सांगितला. सासूबाई एकेका तारखेवरून बोट फिरवत खाली आल्या. बाराव्या मुलाच्या तारखेपाशी थांबल्या.

“हिला कुणी विचारलं होतं का गं?”

मी भाषांतर केलं. मार्गारेटने नकारार्थी मान हलवली. सासूबाईंनी कागद खाली ठेवला. मग माझ्याकडे वळल्या.

“मृणाल, सासू बाहेर गेलीये असं समज. आता बोल.”

मी एकदाचं बोलून टाकलं. “आई... आम्हाला इरा एकटीच पुरे.”

“मग सहा वर्षं बघू-बघू काय लावलं होतंस?” असं म्हणून त्यांनी पाठीत एक धपाटा घातला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

त्यांनी टेबलावरचा कोरा कागद ओढला. पर्समधून चष्मा काढला. माझं नाव, लग्नाची तारीख, इराची जन्मतारीख, सगळं पाठ! तळाच्या चौकोनात ठसठशीत टिक केली आणि कागद मार्गारेटपुढे सरकवला.

“यू चेक. देन साइन. रूल इज रूल!”