माती खाणारी पोर

पोरीचे दोन्ही हात मागं बांधलेले होते. जुन्या लुगड्याच्या धडप्यानं, आणि गाठ अशी की माझ्या नखांना सुटेना. केंदूरच्या पुढं माळावर चार-दोन घरांची वस्ती होती. तिथं मी लसीचा डबा घेऊन गेले होते. ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मंगल, हे काय गं? पोर आहे का शेरडू?" मी तिच्या आईला विचारलं.

"माती खाती ओ बाई. भितीचा पोपडा काढती आन् चघळती. हाणलं, तोंडाला मिरची लावली, तरी ऐकत न्हाई. मग बांधली."

मी पोरीची, चिंगीची, खालची पापणी ओढून बघितली. नर्सचं ते पहिलं काम. आत लाली दिसायला हवी. इथं ताकासारखं पांढरं. हात सोडले तर तळवेही तसेच.

मग मी मंगलला तिथंच झापत झापत शिकवलं. अंगात लोह कमी पडलं की रक्त कमी होतं, त्याला आम्ही ॲनिमिया म्हणतो. अशी पोरं माती, खडू, राख, काहीही खातात. मातीतून पोटात जंत जातात आणि ते उरलंसुरलं रक्तही पितात.

"ही खोड नाही, आजार आहे. मारून जात नसतो तो!"

मंगलनं पदर खोचला. चिंगीला खांद्यावर टाकून माझ्या मागोमाग निघाली.

दवाखान्यात आमची तपासणी साधी. काचेच्या नळीत ॲसिड घ्यायचं, त्यात बोटातलं रक्त सोडायचं. ते तपकिरी होतं. मग शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळेपर्यंत थेंब थेंब पाणी घालायचं. जितकं पाणी कमी लागेल, तितकं अंगात रक्त कमी.

"सिस्टर, पुन्हा करा," डॉक्टर म्हणाले.

"दोनदा केलं, सर. पाणी जवळजवळ लागतच नाही."

त्यांनी चिंगीची छाती तपासली. "ही इथवर आली कशी?"

"आईनं उचलून आणली."

"जीप काढा. रक्तच चढवावं लागेल."

चिंगी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यातून परत आली. जंताचं औषध झालं, लोहाचं सिरप सुरू झालं. सिरपनं शी काळी होते. ती बघून बाया घाबरतात आणि बाटली उकिरड्यावर टाकतात. म्हणून मी मुद्दाम वाट वाकडी करून जायची. पण मंगलनं एक दिवस औषध चुकवलं नाही.

दिवाळीनंतर गेले, तर पोरगी शेळीच्या मागं पळत होती! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू.

"माती खाते का आता?"

"हात बी लावत न्हाई."

"मग तोंड का पाडून बसलीस? हास की जरा."

मंगलनं पदर तोंडाला लावला.

"बाई, हिच्या आदी माजी थोरली व्हती. आशीच पांढरी. ती बी माती खायची. मी तिला बी हाणायची, लय हाणायची. शेवटी शेवटी रडायची बी न्हाई, नुसती बघायची. गेली तवा समदी म्हनली, माती पोटात बसली." पदर खाली घेऊन तिनं विचारलं, "तिला बी ह्येच झालं व्हतं का ओ?"

वस्त्यावस्त्यांवर तोंड वाजवत हिंडणारी मी. त्या दिवशी मी सरळ उत्तर टाळलं.

"तिचं निराळं असेल गं," मी म्हणाले. "न तपासता कसं सांगणार?"

तिला ते पटलं नाही. मलाही पटलं नव्हतं.

"माज्या हातानं हाणली ओ," एवढंच म्हणाली आणि गुडघ्यात डोकं घालून रडायला लागली. मी शेजारी बसून राहिले. मलाही रडू आवरलं नाही. चिंगी लांबून आमच्याकडं बघत होती.

माती खाणाऱ्या पोरांबद्दल मी रिटायर होईपर्यंत सांगत राहिले. सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं पोर जातं. फक्त त्यानंतर वस्तीवर गेले की आधी विचारायची, कुणाचं लेकरू गेलंय का. असलं, तर त्या आईजवळ आधी बसायची, लेक्चर मग. मिटिंगला उशीर व्हायचा. साहेब ओरडायचे. ओरडू देत.