आत्याचा गोऱ्हा

मी आज जो काही आहे, तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे. मी पुण्यात इंजिनिअरिंग शिकत होतो तेव्हा घरचा गोठा तिनं एकटीनं ओढला. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पण ती पदवी मला तिनंच मिळवून दिली.

पुढे मी सिंगापूरला आलो. नोकरी चांगी बिझनेस पार्कमध्ये, घर पार दुसऱ्या टोकाला, चोआ चू कांगला. इथल्या शाळांच्या वर्षअखेरच्या सुट्टीतच आमच्या गावच्या दूध संस्थेचा वासरांचा मेळावा भरतो. त्यात मुलांनी वासरू धरून रिंगणात फिरवायचं असतं. माझ्या मुलीनं ठरवलं, या वर्षी आपण फिरवायचं.

"फिरव की," ताई फोनवर म्हणाली. "पण हातातनं सोडायचं नाही. एकदा निसटलेलं वासरू पुन्हा कुणाला धरू देत नाही."

वासराची निवडही व्हिडिओ कॉलवरच झाली. गोठ्यात दोन गोऱ्हे होते. मुलीला पांढराशुभ्र आवडला. ताईनं दोघांच्या मागे बादली आपटली. पांढरा उधळला. करड्यानं कान फिरवले आणि गवत खात राहिला.

"हाच घ्यायचा."

"पण हा किती डर्टी आहे, आत्या!"

"मळ निघतो गं. भित्रेपणा कसा काढू?"

मग ताई रोज त्याला पेंड घाली, खरारा करी, संध्याकाळी तोंडावर म्होरकी चढवून बांधावरून फिरवी. इकडे मुलीला सराव हवा होता, आणि आमच्या इमारतीत वासरू कुठलं? म्हणून मी वासरू झालो. ऑफिसातून आलो की खाली व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीच्या तळाशी असलेल्या मोकळ्या जागेत, कमरेला दोरी बांधून तिच्या मागे चालायचो. दुसऱ्या मजल्यावरच्या चिनी आजी भाजीची पिशवी घेऊन थांबायच्या.

"अंकल, टुडे यू काऊ अगेन, आह?"

"नॉट काऊ, आंटी. बुल, लाह!" मुलगी ठणकावायची.

मधेच मी हटून बसायचो. पण दिवसभर दमलेला, वर जेवण वाढलेलं. ती जोरात ओढायची आणि मी चालू लागायचो. ओढलं की चालतं, एवढंच ती माझ्याकडून शिकली.

सुट्टी लागली तसे आम्ही गावी गेलो. मेळाव्यात करडा गोऱ्हा रिंगणाच्या मध्यावर थांबला. तिनं ओढलं. त्यानं खूर रोवले. तिनं आणखी ओढलं, तसा तो मागे रेलला आणि दोर तिच्या तळव्यातून सरकू लागला. मी आत धावणार, तोच ताईनं माझा शर्ट धरला.

"थांब. तू गेलास की ती सोडून देईल."

गोऱ्ह्याची मान आमच्याकडेच वळलेली होती. ताईनं एक हाक मारली असती तरी तो आला असता. तिनं डोक्यावर पदर ओढला आणि गर्दीतून मागे, उभ्या टेम्पोच्या आड निघून गेली.

गोऱ्हा थोडा वेळ तिला शोधत राहिला. मुलगी दमली असावी; तिनं ओढणं सोडलं, दोर नाही. त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, गळ्याखाली खाजवलं. मग त्यानंच पाऊल टाकलं. दोघं सगळ्यांत शेवटी बाहेर आली. परीक्षक केव्हाच पुढच्या गटाकडे गेले होते.

टेम्पोआडून ताई आली. "सोडलास?"

"नाही." मुलीनं लाल तळवे दाखवले. "पप्पा तर ओढलं की चालायचे!"

"तो लहानपणापासनं तसाच," ताई म्हणाली. "म्हणून तर शिकला."

परत आल्यावर मी तिला पत्र लिहिलं.

"ताई, नमस्कार. आम्ही नीट पोचलो. पोरीच्या हाताची साल निघाली, पण आता बरं आहे. एवढे महिने तू राबलीस आणि ऐन वेळी बघायचंही सोडलंस. मी पुण्याला निघालो, तेव्हा तू एसटी स्टँडवर आली नव्हतीस. मला वाटायचं, धारेची वेळ होती. तू दिसली असतीस तर मी गाडीतून उतरलो असतो, हे तुला तेव्हाच ठाऊक होतं ना? उत्तर लिहू नकोस, भेटलो की सांग. गोऱ्ह्याला चांगला मालक मिळाला तर देऊन टाक. मुलीला समजावलं आहे. खूप रडली, मग म्हणाली, नेणाऱ्याला सांगा, अडला तर शेजारी उभं राहायचं. तेवढं सांगशील. तुझा भाऊ."